बल्ब बदलण्याआधी: जुन्या पिकअपच्या हेडलाइटचा दोष शोधताना

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरून रात्री माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपला पुढचा रस्ता स्पष्ट दिसायलाच हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. त्यापुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी २५-३० मीटर. चांगल्या हेडलाइटचा डिपरवरचा कामाचा उजेडही जेमतेम एवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. त्यातला तिसरा हिस्सा गेला, की कडेला उभी केलेली बिनलाइटची ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसते.

लाइट मंद झाला की पहिला उपाय ठरलेला असतो: नवा बल्ब आणायचा, आणि तोही जास्त वॅटचा. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या गाडीत हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतोच. करंट बॅटरीपासून बल्बपर्यंत जातो आणि बॉडीतून परत बॅटरीकडे येतो. या जाण्यायेण्याच्या वाटेवर तो कुठेतरी अडतो. कुठे आणि किती अडतो, हे साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात मोजता येतं. अंदाजाने सामान बदलण्याची गरज नाही.

बल्ब आणि व्होल्टेजचं नातं

या गाड्यांत सहसा एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, मागे तीन पिना. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात. ५५ वॅटची डिपरसाठी, म्हणजे खालच्या उजेडासाठी, आणि ६० वॅटची अप्परसाठी. तीन पिनांपैकी एक डिपरची, एक अप्परची आणि तिसरी दोघांची सामाईक. ही सामाईक पिन बहुतेक गाड्यांत अर्थला, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला, जाते. काही गाड्यांत मात्र उलटं असतं: सामाईक पिनला सतत प्लस मिळतो आणि स्विच मायनसची बाजू जोडतो. म्हणून वायरच्या रंगावर भरवसा न ठेवता आधी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) लावून आपल्या गाडीत काय आहे ते पाहून घ्यावं.

डिपरवर दोन बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. अप्परवर १० अँपिअर. घरातल्या विजेच्या मानाने व्होल्टेज अगदी कमी असल्यामुळे करंट एवढा मोठा लागतो, आणि म्हणूनच वायरमधला अर्ध्या व्होल्टचा तोटाही इथे महाग पडतो.

किती महाग, ते पाहा. एच-४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजला जातो: डिपर १००० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप), अप्पर १६५० लुमेन, दोन्हींत थोडं कमीजास्त धरून. व्होल्टेज कमी झालं की हॅलोजनचा उजेड त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने घसरतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्के जातो. १३.२ ऐवजी ११ व्होल्टच पोचले तर उजेड जवळजवळ निम्मा. शिवाय तो पिवळट, तांबूस होतो. दुसरीकडे, व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर उजेड सहाव्या हिश्श्याने वाढतो, पण बल्बचं आयुष्य अर्ध्यावर येतं. हा एवढा हिशोब लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी लक्षणं वाचा

पाना हातात घेण्याआधी अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर, अप्पर, पार्किंग आणि दोन्ही इंडिकेटर एकेक करून लावून पाहावेत. कोणत्या बटणावर काय होतं यावरूनच अर्धा शोध लागतो.

एकाच बाजूचा एकच बीम गेला असेल, उदाहरणार्थ डाव्याचा डिपर नाही पण अप्पर आहे, तर बहुधा ती फिलामेंट तुटलेली असते. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहावा. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब, जागेवरच राहिला तर होल्डर किंवा वायर.

एका बाजूचे दोन्ही बीम एकदम गेले तर दोन्ही फिलामेंट एका वेळी तुटण्याची शक्यता कमी. सामाईक पिन, तिची वायर किंवा त्या बाजूचा अर्थ तपासावा.

दोन्ही बाजूंचा डिपर गेला आणि अप्पर नीट लागतो, तर सगळे कॉम्बिनेशन स्विचवर (स्टिअरिंगवरची लाइटची दांडी) किंवा रिलेवर (छोट्या करंटच्या हुकुमाने मोठा करंट जोडणारा स्विच) संशय घेतात. तो रास्तही आहे. पण आधी दोन्ही बल्ब काढून डोळ्यांनी बघावेत. एक डिपर महिन्यापूर्वीच गेलेला असतो, ड्रायव्हर एकावर गाडी चालवत राहतो आणि दुसरा गेला की "दोन्ही एकदम गेले" असं वाटतं. हे फार वेळा घडतं आणि त्यापायी चांगले स्विच उगाच बदलले जातात.

पार्किंग लागतं पण हेडलाइट कुठलाच नाही, तर हेडलाइटचा फ्यूज, रिले किंवा मुख्य स्विच. लाइट दहा-पंधरा मिनिटं नीट चालून बंद पडतो आणि थंड झाल्यावर परत येतो, तर स्विचचे किंवा रिलेचे पॉइंट तापून सुटतात, किंवा फ्यूजच्या पकडीचा चिमटा ढिला झालेला असतो. हा दोष घाटात येतो आणि गॅरेजमध्ये दिसत नाही. अशा वेळी लाइट वीस मिनिटं चालू ठेवून मगच स्विच, रिले आणि फ्यूजजवळ हात नेऊन गरमी बघावी. खड्ड्यात लाइट लुकलुकला तर सुटलेलं कनेक्शन. रेस वाढवल्यावर उजेड किंचित वाढणं स्वाभाविक आहे. खूपच वाढत असेल तर बॅटरी, डायनामोचा पट्टा आणि चार्जिंग बघावं, हेडलाइटची वायरिंग नंतर.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसताच निम्म्या गॅरेजांत गोंधळ उडतो: डिपर लावला की एका बाजूचा लाइट अगदी मिणमिणता, आणि मीटरवरचा अप्परचा निळा दिवाही अंधुकसा पेटलेला. अप्पर तर लावलेलाच नाही. हा अर्थ तुटल्याचा पुरावा आहे. धरा, उजव्या बल्बचा अर्थ तुटला. डिपरचा करंट उजव्या बल्बच्या डिपर फिलामेंटमधून सामाईक पिनपर्यंत येतो. तिथून बाहेर पडायला वाट नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा वर चढतो, अप्परच्या वायरमध्ये शिरतो, तिच्यातून डाव्या बल्बच्या अप्पर फिलामेंटकडे जातो आणि डाव्याच्या शाबूत अर्थमधून बॅटरीला मिळतो. एकाच्या जागी तीन फिलामेंट एकापुढे एक आल्यामुळे कुणालाच पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. निळा दिवा अप्परच्याच वायरवर असतो, म्हणून तोही मिणमिणतो. इथे स्विच, रिले, बल्ब काही बदलायचं नसतं. उजव्या हेडलाइटचा अर्थ घासून घट्ट केला की सगळं ठीक.

रिकाम्या होल्डरवरचे बारा व्होल्ट फसवतात

मापनात सगळ्यात मोठी चूक इथे होते. बल्ब काढायचा, होल्डरच्या भोकात मल्टिमीटरच्या पिना घालायच्या, १२.४ व्होल्ट दिसले की "सप्लाय बरोबर आहे" म्हणायचं. पण त्या वायरचे तीसपैकी अठ्ठावीस धागे गंजून तुटले असतील तरी मल्टिमीटर १२.४ च दाखवेल. कारण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही.

शेतातल्या पाइपलाइनचं तसंच असतं. शेवटचा नळ बंद असताना टोकाचा दाबमापक पूर्ण दाब दाखवतो, मग मध्ये फिल्टर चोंदलेला का असेना. नळ उघडून पाणी वाहू लागलं की दाब पडतो आणि चोंदलेली जागा उघडी पडते. वायरमध्येही करंट वाहत असेल तेव्हाच तोटा दिसतो. म्हणून होल्डर बल्बवर बसवलेला, लाइट चालू आणि होल्डरच्या मागच्या बाजूने पिना घालून मोजमाप, हाच नियम.

एक सोपं हत्यार घरीच तयार करता येतं. ज्याची अप्पर फिलामेंट गेली आहे पण डिपर शाबूत आहे असा जुना बल्ब फेकू नये. त्याला दोन वायरी आणि दोन क्लिप जोडल्या की ५५ वॅटचा टेस्ट लॅम्प होतो. जी वायर हा बल्ब पूर्ण उजेडाने पेटवते तीच वायर चांगली. छोट्या एलईडी टेस्टरचं यावर मत घेऊ नये. तो कुजक्या वायरवरही झकास पेटतो. हा टेस्ट लॅम्प मात्र हेडलाइटच्या वायरिंगपुरताच वापरावा, इंजिनच्या सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना लावू नये. करंट जास्त घेतो.

मोजायचं असं

पहिलं माप बॅटरीवर. गाडी बंद, लाइट बंद, थोडा वेळ विसावलेली बॅटरी: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ ला निम्मी. आता इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा, साधारण १५०० आरपीएम, आणि हेडलाइट लावा. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली राहत असतील तर वायरिंगला हात लावण्याआधी पट्टा, डायनामो आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. १४.८ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडला आहे. वारंवार बल्ब उडण्याचं तेच कारण, आणि बॅटरीचं पाणीही त्यानेच आटतं.

दुसरं माप प्लसच्या बाजूचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी पिन पेटलेल्या बल्बच्या डिपर पिनेला मागून टेकवा. जो आकडा येईल तो तोटा. वजाबाकी करायची गरज नाही. तिसरं माप मायनसच्या बाजूचं: लाल पिन बल्बच्या सामाईक पिनेला, काळी थेट बॅटरीच्या मायनसला. दोन्ही वेळी लाइट चालूच हवा. ज्या गाडीत सामाईक पिनला प्लस येतो तिथे प्लसचं माप सामाईक पिनेवर घ्यायचं आणि मायनसचं डिपरच्या पिनेवर.

प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत आणि मायनसच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आत तोटा असेल तर वायरिंग चांगली समजावी. समजा बॅटरीवर १३.८ आहेत, प्लसकडे १.४ चा तोटा आणि अर्थकडे ०.७ चा. बल्बला उरले ११.७. वरच्या हिशोबाने एक तृतीयांश उजेड वायरीतच जिरला, आणि त्याची उष्णता एखाद्या कपलरमध्ये किंवा स्विचमध्ये प्लास्टिक वितळवते आहे.

तोटा नेमका कुठे आहे हे शोधायला लाल पिन बॅटरीवरच ठेवून काळी पिन एकेक टप्पा मागे आणत जायची: होल्डर, पुढच्या जाळीमागचा कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड), कॉम्बिनेशन स्विचची बाहेर जाणारी वायर, स्विचमध्ये येणारी वायर, फ्यूजची दोन्ही टोकं. जिथे आकडा एकदम पडतो, त्या आणि आधीच्या टप्प्याच्या मध्ये चोर आहे. होल्डरपाशी १.४, स्विचमधून बाहेर पडताना १.२ आणि स्विचमध्ये शिरताना ०.४ दिसलं, तर स्विचचे पॉइंट एकटेच ०.८ व्होल्ट खातात.

कुठे कुठे सापडतो

होल्डर. पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचा तीन पिनी होल्डर काढून आतल्या पितळी चिमट्यांचा रंग बघा. एखाद्या चिमट्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ झालेलं असेल तर तो चिमटा ढिला होऊन तापला आहे. एकदा तापलेल्या चिमट्याचा ताण परत येत नाही. तो चिमटीत दाबून घट्ट केला तरी आठवड्यात ढिला होतो. होल्डर बदलावा, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम, आणि वायर काळी पडलेली असेल तर तेवढा तुकडाही कापून टाकावा. तांब्याचा धागा सोलल्यावर चकचकीत दिसला पाहिजे. काळा किंवा हिरवट दिसला तर चकाकी येईपर्यंत मागे कापत जावं. जोड पिळून चिकटपट्टी मारण्याचा नको. क्रिंप करावा (धातूच्या नळीत दाबून पक्का करावा) किंवा डाग द्यावा (सोल्डर करावा), वरून हीट श्रिंक नळी.

अर्थ. हेडलाइटची अर्थची वायर पुढच्या पत्र्याला किंवा चासीला एका बोल्टने कसलेली असते. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, पत्रा आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) यांच्यामध्ये गंजाचा थर येतो. रत्नागिरी-मालवणकडून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी सतत चासीवर गळतं, तिथे हे फार लवकर होतं. बोल्ट नुसता आवळून उपयोग नाही. तो काढून पत्रा काचपेपरने पांढरा होईपर्यंत घासायचा, थिंबल नवं लावायचं, दातेरी वॉशर घालून कसायचं आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं. ग्रीस कसल्यावर, आधी नाही. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्याही त्याच वेळी बघाव्यात. गाडीला पुन्हा रंग दिलेला असेल तर अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर हमखास सापडतो.

फ्यूज. पात्याचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेला फ्यूज दिसतो, पण केसाएवढी चीर गेलेला दिसत नाही. म्हणून लाइट चालू असताना फ्यूजच्या दोन्ही टोकांमध्ये मोजावं, ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर फ्यूज किंवा त्याची पकड खराब. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज, सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार घालू नये. फ्यूज वायरीला वाचवतो. तो न उडाल्यास वायर जळते, आणि डॅशबोर्डमागे इतर पंचवीस वायरी त्याच गुंडाळ्यात असतात. फ्यूज उडतो तेव्हा कुठेतरी वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली असते. बोनेटच्या कडा, रेडिएटरचा सपोर्ट आणि स्टिअरिंगखालचा भाग, जिथे हँडल फिरवताना वायर वळते, आधी तिथे बघा. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधाव्यात.

कॉम्बिनेशन स्विच. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या या दांडीच्या आतल्या बारीक पॉइंटमधून जातो. रोज शेकडो वेळा अप्पर-डिपर केल्यावर प्रत्येक वेळी छोटी ठिणगी पडून पॉइंट खडबडीत होतात. स्विच उघडून पॉइंट घासता येतात, पण आतल्या स्प्रिंगा आणि छर्रे उडतात. खाली कापड अंथरूनच उघडावा. वितळलेला असेल तर बदलणंच बरं, आणि बदलताना रिले टाकावा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

रिले टाकणं हा खरा उपाय

कल्पना सोपी आहे. बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे हेडलाइटपर्यंत वायर सहज सहा मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या लांबीवर ९ अँपिअरला साधारण ०.६५ व्होल्ट जातात, तेही जोड आणि पॉइंट अगदी नवे असताना. त्याऐवजी बॅटरीपासून दोन मीटरची, अडीच चौरस मिलिमीटरची वायर थेट टाकली तर तोटा ०.१३ व्होल्टवर येतो. स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. रिलेच्या कॉइलला एक अँपिअरचा पाचवा भागही लागत नाही. स्विचचं आयुष्य त्यामुळे कितीतरी वाढतं.

१२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचे दोन रिले घ्यावेत, एक डिपरचा आणि एक अप्परचा. रिलेवर चार आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून बल्बच्या पिनेला, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. कॉइलची दोन टोकं जुन्या होल्डरच्या दोन पिनांना जोडावीत: डिपरच्या रिलेची डिपर आणि सामाईक, अप्परच्या रिलेची अप्पर आणि सामाईक. असं केलं की गाडीत स्विच प्लस तोडतो की मायनस, याने फरक पडत नाही. फक्त रिलेच्या आत डायोड असेल तर त्यावर छापलेल्या खुणेप्रमाणे प्लस-मायनस पाळावं लागतं. बल्बला मात्र नवे होल्डर, आणि त्यांच्या सामाईक पिनेची वायर बारीक न ठेवता तीही अडीचचीच, थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत किंवा घासून स्वच्छ केलेल्या चासीच्या बोल्टपर्यंत.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो पुढे रिलेजवळ बसवला तर बॅटरी ते फ्यूज ही वायर उघडीच राहते, आणि आग लागते ती तिथेच. प्रत्येक रिलेच्या वाटेवर २० अँपिअरचा फ्यूज चालतो. त्याहून चांगलं म्हणजे डाव्या-उजव्या बल्बला ८७ नंतर वेगवेगळा १० अँपिअरचा फ्यूज, म्हणजे एका बाजूला शॉर्ट झालं तरी दुसरा लाइट जळत राहतो. रात्री घाटात दोन्ही एकदम जाणं आणि एक जाणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. रिले पाण्यापासून लांब, पिना खाली तोंड करून बसवावेत. काम करताना बॅटरीचा मायनस काढून ठेवावा.

जास्त वॅट आणि एलईडी

१००/९० वॅटच्या बल्बचा मोह समजण्यासारखा आहे. पण तोच जुना होल्डर आणि तीच वायर ठेवून तो लावला तर डिपरवर करंट ९ वरून १५ अँपिअरवर जातो. करंट वाढला की तोटाही वाढतो, म्हणजे ज्या वायरीत दीड व्होल्ट जात होते तिथे दोन-सव्वादोन जाऊ लागतात. उजेड थोडासाच वाढतो, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी भाजून निघते. ६०/५५ चाच बल्ब पूर्ण १३.२ व्होल्टवर चालवला तर अर्धपोटी १०० वॅटपेक्षा रस्ता नीट दिसतो. निळसर काचेचे बल्बही टाळावेत. निळा रंग उजेड वाढवत नाही, गाळून कमी करतो.

हॅलोजनच्या जागी थेट बसणारे एलईडी बल्ब दुकानात भरपूर दिसतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन फिलामेंटच्या जागेवरून ठरवलेला असतो, आणि डिपर फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, जी उजेडाला वर जाऊ देत नाही. एलईडीच्या चिपा त्या जागेवर आणि त्या आकारात बसत नाहीत. मग जवळची जमीन पांढरीशुभ्र दिसते, लांबचा रस्ता काळा राहतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सुरी जाते. समोरच्याला काही दिसेनासं झालं तर तो आपल्याच अंगावर येणार. लाइट कुणाचे डोळे दिपवणारा नसावा अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही आहे.

नवा बल्ब घेताना त्याच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचावा. मोठ्या ट्रकचा एच-४ दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण २४ व्होल्ट, ७५/७० वॅटचा. तो १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये बसतो, पेटतो आणि अगदी मंद तांबडा जळतो. मग लोक दिवसभर वायरिंग शोधत राहतात. बल्बच्या काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा काचेवर भाजून निघतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसावं. एक बल्ब वयाने गेला असेल तर दोन्ही बदलावेत, दुसराही फार मागे नसतो. जुन्या बल्बची काच आतून राखाडी झाली असेल तर तो म्हातारा झाला आहे. दुधाळ पांढरी झाली असेल तर काचेत हवा शिरली.

काच, चांदी आणि कोन

१३ व्होल्ट पोचूनही उजेड कमी असेल तर दोष विजेचा नाही. बल्ब काढून भोकातून आत टॉर्च मारा. रिफ्लेक्टरची चांदी काळवंडलेली, पापुद्रे सुटलेली असेल तर त्यावर इलाज नाही, हेडलाइट बदलावा लागतो. ती चांदी कपड्याने पुसायला जाऊ नये. थर इतका पातळ असतो की पुसताना निघूनच येतो. आत पाणी साचत असेल तर मागची रबरी टोपी फाटलेली किंवा गायब असते. स्वस्त भाग आहे, पण पुष्कळ गाड्यांत बल्ब बदलताना काढला तो परत लागलाच नाही.

काचेचा हेडलाइट पिवळा पडत नाही, फक्त खड्यांनी खरचटतो. पुढची पारदर्शक बाजू प्लास्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडते. ती पाणी लावून आधी १००० नंबरच्या, मग २००० आणि शेवटी ३००० नंबरच्या पेपरने घासावी आणि पॉलिश करावी. पण त्यावर उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट दिलाच पाहिजे. नाहीतर काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट होते, कारण कारखान्यातला संरक्षक थर आपणच घासून काढलेला असतो.

शेवटी कोन, आणि पिकअपच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमधली हवा बरोबर असू द्या, ड्रायव्हर जागेवर बसलेला. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची सपाट कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवी, आणि डावीकडे ती तिरकी वर चढलेली दिसायला हवी, कारण आपण डाव्या बाजूने चालतो. भिंत ५ मीटरवरच असेल तर ५ सेंटीमीटर. हेडलाइटच्या मागचे स्क्रू फिरवून प्रत्येक बाजू वेगळी लावायची, दुसऱ्या लाइटवर तेवढा वेळ पोतं टाकून.

आता मालाचा विचार. पुढच्या-मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर असलेल्या गाडीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मालाने पाच सेंटीमीटर जास्त दबले, की नाक एक अंशाने वर येतं. एक अंश म्हणजे १० मीटरवर साडेसतरा सेंटीमीटर. रिकाम्या गाडीवर अगदी बरोबर लावलेला डिपर भरल्या गाडीवर रेघेच्या साडेसात सेंटीमीटर वर जातो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डॅशबोर्डवर लाइटची उंची कमीजास्त करायचं चाक असेल तर रिकामी गाडी शून्यावर लावून घ्यावी आणि माल भरला की चाक फिरवावं. तसं चाक नसेल आणि गाडी रात्री नेहमी भरूनच जात असेल, तर भिंतीसमोर ती भरलेलीच उभी करावी आणि स्क्रू तेव्हाच फिरवावेत.